ती ओरडत नाही, म्हणजे तिला दुखत नाही?

पत्र थोडक्यात (नाव-गाव गाळून): आमच्या घरात 15 वर्षांची मांजरी आहे. वर्षभरापासून ती कपाटावर चढत नाही. खिडकीत जायचं तरी आधी खुर्ची, मग टेबल, मग खिडकी असं टप्प्याटप्प्यानं जाते. गेले दोन महिने ट्रे सोडून बाहेर लघवी करते. पशुवैद्यांनी तपासून सांगितलं की कमरेच्या आणि मागच्या पायांच्या सांध्यांना संधिवात आहे, किडनीही थोडी अशक्त झाली आहे. पण ती कधी ओरडत नाही, खाते, मांडीवर घेतलं की घुरघुरते. माझा मोठा भाऊ म्हणतो, "जनावराला आपल्यासारखं दुखत नसतं, तू उगाच जीवाला लावून घेतेस." माझी मुलगी म्हणते, "तिला अगदी आपल्यासारखंच दुखतंय आणि आपण बघत बसलोय, तिला इंजेक्शन देऊन मोकळं करा." परवा रात्री तर मी माझ्याच गुडघ्याची अर्धी गोळी तिला द्यायला निघाले होते. खरं काय आहे? तिला आपल्यासारखं दुखतं का? आणि मी काय करू?

उत्तर:

ताई,

आधी त्या अर्ध्या गोळीचं बोलू. बाकी बरंचसं उद्यावर गेलं तरी चालेल, हे नाही. आपल्या वेदनाशामक गोळ्या मांजराला विषासारख्या आहेत. पॅरासिटामॉल निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकायची जी मुख्य वाट आपल्या यकृतात असते, ती मांजरात जवळजवळ बंदच असते. मग ते औषध तिच्या रक्तातल्या लाल पेशींवर उलटतं. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, गुलाबी हिरड्या तपकिरी-निळसर दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात. एखादी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांचा मारा पोटावर आणि किडनीवर होतो, आणि तुमच्या मांजरीची किडनी आधीच नाजूक आहे. कुणाच्या हातून अशी गोळी गेलीच असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका. गोळीचं पाकीट बरोबर घ्या आणि तडक पशुवैद्यांकडे जा. पॅरासिटामॉलवर अ‍ॅसिटिलसिस्टीनचा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच नीट लागू पडतो.

तुम्ही गोळी उचललीत ती मायेपोटी, हे मला कळतं. पण त्या क्षणी तुम्ही एक गोष्ट धरून चालला होतात: तिचं दुखणं माझ्यासारखं, म्हणजे तिचं औषधही माझंच. तुमची मुलगी तेच धरून चालली आहे. दादा उलट टोकाला उभे आहेत, पण त्यांच्याही हातात फूटपट्टी तीच आहे, माणसाची. आपल्यासारखं असेल तर दुखणं खरं, नाहीतर नाही. मला वाटतं तुमच्या घरातला वाद मिटत नाही तो या फूटपट्टीमुळे. म्हणून "आपल्यासारखं" या शब्दात काय काय भरलंय ते आधी सुटं करून बघू.

पहिला भाग शरीराचा. कातडीत, सांध्यांत, आतड्यांत इजा ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. तिथून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातून मेंदूत जातो. ही रचना मांजरात आहे, कुत्र्यात आहे, उंदरात आहे, आपल्यात आहे. मॉर्फिन ज्या ठिकाणी जाऊन दुखणं कमी करतं ती ठिकाणंही त्या सगळ्यांत आहेत. वेदनेचं नकोसेपण ज्या भागांशी जोडलेलं आहे, ते मेंदूचे भागही सस्तन प्राण्यांत सापडतात. इथे दादांना वाद घालायला जागा नाही.

पण संदेश जाणं वेगळं आणि दुखणं जाणवणं वेगळं. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, चटका नंतर कळतो. हात मागे घ्यायचा निर्णय पाठीच्या कण्यातच होऊन गेलेला असतो. मग प्राण्यांमध्ये नुसतं हे अंग चोरणंच असेल तर? हा प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनी तो गांभीर्यानं घेतला. तो सोडवायची त्यांची रीत मला फार आवडते. प्राण्याला बोलता येत नाही, तर त्याला निवड करू द्यायची, आणि दुखणं टाळायला तो किती किंमत मोजतो ते बघायचं.

2000 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लंगडणाऱ्या आणि धडधाकट कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. त्यातल्या एका रंगाच्या खाद्यात कारप्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं होतं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि लंगडणं जितकं जास्त तितकं ते खाणंही वाढलं. 2003 मध्ये संशोधक लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात सौम्य आम्ल टोचलं. मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, अंग डुलवू लागले, खाणं टाळू लागले. मॉर्फिन दिल्यावर ते घासणं कमी झालं. नुसत्या झटक्यानं हात मागे घेणं असतं, तर मासा मिनिटामागून मिनिट ओठ घासत बसला नसता. 2009 मध्ये शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे हलके झटके दिले, तेव्हा आवडत्या जातीचा शंख त्यांनी सहज सोडला नाही, नावडता मात्र लवकर सोडला. म्हणजे झटका आणि घर यांची तुलना आत कुठेतरी चालली होती.

मासे, खेकडे, किडे यांच्याबाबत मतभेद अजून आहेत. माशाला आपल्यासारखं मेंदूचं बाह्यक आवरण नाही, म्हणून त्याला जाणीव नाही असं मानणारे अभ्यासक आहेत. पाय चिरडलेला किडा त्याच पायावर तसाच भार टाकून चालत राहतो, हेही पाहिलं गेलं आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच शास्त्रज्ञांनी मिळून एक निवेदन काढलं, त्याची भाषा मला प्रामाणिक वाटते: सस्तन प्राणी आणि पक्षी यांना जाणीव असते याला भक्कम आधार आहे, आणि सर्व पृष्ठवंशी प्राणी, शिवाय ऑक्टोपस, खेकडे, कीटक यांच्यात ती असण्याची शक्यता खरीखुरी आहे, ती दुर्लक्षून चालणार नाही. ब्रिटननं 2022 च्या कायद्यात खेकडे आणि ऑक्टोपस यांना सुखदुःख जाणवणाऱ्या प्राण्यांत धरलं. वाद आहे तो तिकडे, काठावर. मांजर त्या काठाच्या आसपासही नाही.

"पण ती ओरडत नाही ना!" असं दादा म्हणतीलच. दादांना एक गोष्ट जरूर सांगा. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत नवजात बाळांवर मोठ्या शस्त्रक्रियासुद्धा अगदी तोकडी भूल देऊन, कधी कधी नुसतं स्नायू ढिले करायचं औषध देऊन होत असत. बाळाची मज्जासंस्था पुरती घडलेली नसते, त्याला आपल्यासारखं दुखत नाही, लक्षातही राहत नाही, अशी समजूत होती आणि भुलेची धास्तीही होती. 1987 मध्ये आनंद आणि हिकी या संशोधकांनी पुरावे एकत्र मांडल्यानंतर ती पद्धत झपाट्यानं बदलली. सांगता येत नाही म्हणून दुखत नाही, ही चूक आपण माणसाच्या लेकरांबाबतही केलेली आहे. वेदनेची जी व्याख्या जगभरचे डॉक्टर वापरतात तिला 2020 मध्ये नवं रूप मिळालं, तेव्हा तिच्याबरोबरच्या टिपणीत हे स्पष्ट लिहिलं गेलं: बोलून सांगता न येणं म्हणजे माणसाला किंवा इतर प्राण्याला वेदना नाही असं होत नाही.

मांजर ओरडत नाही याला तिची स्वतःची कारणं आहेत. ती शिकारी आहे आणि मोठ्या प्राण्यांची शिकारही आहे. तिचे पूर्वज एकेकटे राहत, मदतीला धावून येणारा कळप नव्हता. अशा जीवानं विव्हळून मिळवायचं काय? शत्रूला पत्ता कळणार, एवढंच. म्हणून ती दुखणं लपवते आणि हळूहळू एकेक गोष्ट सोडून देते. कपाट सुटलं, मग एका उडीत खिडकी सुटली, आता ट्रे. तुमच्या पत्रातली ही यादी म्हणजेच तिचं ओरडणं आहे. अमेरिकेत 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले होते, त्यात 90 जणींच्या हाडा-सांध्यांत झीज दिसली. "म्हातारी झाली, आता शांत असते" असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, त्यातल्या कितीतरी जणींना दुखत असतं.

आणि ते घुरघुरणं. मांजर समाधानानं घुरघुरते, तशीच भेदरलेली, जखमी, अगदी शेवटच्या घटकेतली मांजरही घुरघुरते. त्यामुळे नुसत्या घुरघुरीवर निर्धास्त होऊ नका, तिच्यासोबत बाकी अंग काय सांगतंय ते बघा. ते कसं, ते पुढे लिहिते.

आता मुलीच्या बाजूचं. "अगदी आपल्यासारखंच" हेही खरं नाही. प्रत्येक जातीची वेदना आणि सुख तिच्या तिच्या जगण्यानं घडवलेलं असतं. मिरचीतल्या ज्या घटकानं आपली जीभ पेटते, तो पक्ष्यांना झोंबतच नाही, म्हणून पक्षी मिरच्या मजेत खातात. आफ्रिकेतल्या बिळांत राहणाऱ्या बिनकेसाच्या मोल-उंदराला आम्लाची जळजळ होत नाही. तुमच्या मांजरीचंच घ्या. गोड चव ओळखायला जो जनुक लागतो तो मांजरकुळात निकामी झालेला आहे, 2005 मध्ये हे सिद्ध झालं. गोड म्हणजे काय हे तिला कधीच कळणार नाही. उलट उंदराची अगदी उंच पट्टीतली चूंचूं तिला ऐकू येते, तुम्हाला नाही.

सगळ्यात मोठा फरक दुखण्याभोवतीच्या विचारांत आहे. तुमचा गुडघा दुखतो तेव्हा त्याच्यासोबत पुढचं वर्ष दुखतं. उद्या जिना चढता येईल का, म्हातारपणी कोण बघेल, माझ्याच वाट्याला का. असा उद्याचा घोर मांजरीला लागत असेल असं मानायला आधार नाही. पाय गेलेलं मांजर जखम भरली की तीन पायांवर कामाला लागतं, आपण कसे दिसतो याची खंत करत बसत नाही. तिला मरणाची भीती वाटत असेल म्हणून तुम्ही रात्र रात्र जागत असाल, तर ते ओझं तुमचं आहे, तिचं नाही. ते उतरवून ठेवा.

पण याची दुसरी बाजू आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसता, कारण पाच मिनिटांत संपणार हे माहीत असतं. मांजरीला ते कुणी सांगू शकत नाही. सुई का टोचतायत, सांधा का ठणकतोय, हे थांबणार की नाही, यातलं काहीच तिच्यापाशी नाही. दुखतंय तेवढा वेळ तिचं सगळं जग तेवढंच असतं. म्हणून "तिला आपल्याइतका विचार करता येत नाही" हे वाक्य दिलासा म्हणून वापरू नका. विचार कमी असल्यानं काही वेदना हलकी होत असेल, काही अधिक जड होत असेल.

दादांच्या बाजूनंही एक न्याय्य गोष्ट सांगते. आपण प्राण्याच्या चेहऱ्यावर आपल्याच भावना वाचतो, ही त्यांची तक्रार खरी आहे. कुत्र्याच्या "अपराधी" चेहऱ्यावर संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रयोग केला. कुत्र्यानं खरंच आगळीक केली होती का, याचा त्या चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. मालक रागावला की तो चेहरा यायचा. तेव्हा नजरेनं "मला कळतं तिला काय वाटतंय" असं म्हणण्यापेक्षा मोजता येईल ते मोजू. यावर दादा आणि मुलगी दोघंही राजी होतील असं मला वाटतं.

चेहऱ्यापासून सुरुवात करा. मांट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार केली. मांजर जागी पण निवांत असताना, खात किंवा अंग चाटत नसताना, हात न लावता अर्धा मिनिट बघायचं. पाच गोष्टी, प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण. कान: समोर ताठ असले तर 0, थोडे फाकले तर 1, बाहेरच्या बाजूला वळून चपटे झाले तर 2. डोळे: उघडे 0, अर्धवट मिटलेले 1, घट्ट आक्रसलेले 2. नाकाखालचा मुस्कटाचा भाग: गोल आणि सैल 0, ताणून लंबगोल झाला तर 2. मिशा: सैल, बाक असलेल्या 0, ताठ सरळ होऊन पुढे आल्या तर 2. डोकं: खांद्यांच्या रेषेच्या वर 0, रेषेत 1, खाली झुकलेलं 2. मुस्कट आणि मिशांचा 1 अधल्यामधल्यासाठी. दहापैकी 4 किंवा जास्त भरले तर वेदनाशामकाबद्दल पशुवैद्यांशी बोलायचं. मात्र ही पट्टी नव्या, तीव्र दुखण्यासाठी जास्त भरवशाची आहे. वर्षभर मुरलेला संधिवात चेहऱ्यावर कमी आणि हालचालीत जास्त दिसतो.

म्हणून हालचाल बघा. सहा गोष्टी: वर उडी, खाली उडी, जिना चढणं, उतरणं, धावणं, हलत्या वस्तूमागे लागणं. दोन वर्षांपूर्वी ती हे कसं करायची आणि आज कसं करते, असं शेजारी शेजारी लिहा. बारकाईनं बघायचं म्हणजे काय, तर खाली उडीचंच घ्या. निरोगी मांजर टेबलावरून थेट सुटते, पुढचे पाय आवाज न करता टेकतात. सांधे दुखणारी मांजर काठावर थबकते, मान खाली घालून अंतर जोखते, मग पुढचे पंजे टेबलाच्या पायावरून जमेल तेवढे खाली सरकवते आणि उरलेलं अंतर धप्पकन पडते. वर जाताना मागच्या पायांनी उसळी घेण्याऐवजी पुढच्या नखांनी स्वतःला ओढून घेते. जिन्यावर मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकते. पाठीचा कमरेजवळचा भाग बघा. तिथे केस गुंतलेले, कोंडा साठलेला असेल तर वळून चाटणं तिला जमत नाहीये.

नखं आजच बघा, याला एक दिवसही थांबू नका. म्हाताऱ्या मांजरी नखं घासत नाहीत, जुने थर गळत नाहीत, नख जाड होऊन गोल वळतं आणि सरळ पंजाच्या गादीत रुततं. लंगडण्याचं निम्मं कारण कधी कधी तेवढंच निघतं. दर दोन आठवड्यांनी टोकाचा पांढुरका भाग कापा, आतला गुलाबी भाग सोडा, त्यात रक्तवाहिनी असते. रुतलेलं नख मात्र घरी ओढू नका, ते डॉक्टरांचं काम.

ट्रेबाहेर लघवीची दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात. किडनी अशक्त असली की लघवी जास्त होते, ट्रे लवकर ओला होतो आणि मांजर ओला ट्रे टाळते. जंतुसंसर्गही असू शकतो, म्हणून लघवीची तपासणी करून घ्या. आणि बऱ्याच ट्रेचा काठ 15 सेंटिमीटरच्या आसपास असतो. दुखऱ्या कमरेला तो रोजचा डोंगर. एका बाजूनं काठ 5 ते 7 सेंटिमीटरवर आणा, ट्रेची लांबी तिच्या अंगाच्या, शेपूट सोडून, दीडपट ठेवा, आणि घरात एकाऐवजी दोन ट्रे ठेवा, जिना असेल तर प्रत्येक मजल्यावर एक. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. गुळगुळीत फरशीवर तिच्या नेहमीच्या वाटेनं पायपुसणी किंवा सतरंजी अंथरा, घसरायला लागलं की सांधे आणखी आखडतात. खिडकीला 15 ते 20 सेंटिमीटर उंचीच्या रुंद पायऱ्या करा. हलत्या खुर्चीवर तिचा भरवसा बसणार नाही.

औषधाचं. पशुवैद्य बहुधा दोन-तीन वाटा सुचवतील. मेलॉक्सिकॅमसारखं औषध मांजरात अगदी थोड्या, वजनावर मोजलेल्या मात्रेत देतात. अशी औषधं किडनीचा रक्तपुरवठा राखणाऱ्या रसायनांनाही अडवतात, म्हणून आधी आणि मधूनमधून रक्त-लघवी तपासावी लागते. खाल्ल्याशिवाय द्यायचं नाही, आणि उलटी झाली, जुलाब झाले किंवा तिनं खाणं-पिणं सोडलं की त्याच दिवशी बंद करून फोन करायचा. अंगात पाणी कमी असताना हेच औषध किडनीला सगळ्यात जास्त इजा करतं. मज्जातंतूंवर काम करणारं गॅबापेंटिन वेगळ्या वाटेचं आहे. त्याचा एक डोस दवाखान्यात नेण्याआधी दिला तर प्रवासाची भीतीही कमी होते. किडनी अशक्त असेल तर त्याची मात्राही कमी लागते, ते डॉक्टर ठरवतील. महिन्यातून एकदा टोचायचं फ्रुनेव्हेटमॅब हे मांजरांच्या संधिवातासाठीच बनवलेलं प्रतिपिंडाचं (अँटीबॉडीचं) इंजेक्शन आहे. युरोपात 2021 मध्ये आणि अमेरिकेत 2022 मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते सगळीकडे मिळतंच असं नाही, पण विचारा.

औषध सुरू केलं की दोन ते चार आठवडे द्या आणि नंतर बघा. इथे एक सापळा आहे. औषध दिलंय हे माहीत असलं की आपल्यालाच ती बरी दिसायला लागते. निव्वळ खोटं औषध घेणाऱ्या कुत्र्यांतही मालकांना आणि डॉक्टरांनाही सुधारणा दिसली होती, याचे अभ्यास आहेत. म्हणून आठवणीवर जाऊ नका. आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि पहिला व शेवटचा शेजारी ठेवून बघा. ती औषधानंतर पुन्हा टेबलावर उडी मारू लागली, तर दादांना उत्तर मिळालं. दुखतच नव्हतं, तर दुखणं घालवणाऱ्या औषधानं बदललं काय?

आता सुखाचं, कारण तुमच्या घरात सगळी चर्चा फक्त दुखण्याची चालू आहे. प्राण्यांचं सुख म्हणजे नुसतं दुखणं नसणं, असं नाही. उंदरांना गुदगुल्या केल्या की ते सुमारे 50 किलोहर्ट्झचा आवाज काढतात. आपल्या कानाची मजल 20 पर्यंतच, म्हणून तो आपल्याला ऐकूच येत नाही. संशोधक याक पँक्सेप यांनी यंत्रानं तो पकडला, आणि ते उंदीर गुदगुल्या करणाऱ्या हातामागे पुन्हा पुन्हा यायचे. 2022 मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत भुंगमाश्या (बंबलबी) लाकडी गोळ्या लोळवताना दिसल्या. खाऊ नाही, बक्षीस नाही, तरी परत येऊन लोळवायच्या. तेव्हा तुमच्या मांजरीच्या चार-पाच आवडी आजच लिहून काढा, तिच्या, तुमच्या नव्हेत. उन्हाचा तुकडा, उंचावरून बाहेर बघणं, दोरीवर झडप, गाल घासणं, ठरावीक माणसाच्या पायाशी झोपणं, जे असेल ते. उंच जागा तिला स्वतःहून गाठता येत नसेल तर पायरी करून द्या. उडी जमत नसेल तर दोरी जमिनीलगत, हळू, मिनिटभर फिरवा. शिकारीची मजा पाठलागात आणि पकडण्यात असते, उंच उडीतच असते असं नाही.

"मोकळं करा" या मुलीच्या वाक्याला माझं उत्तर असं: ही वेळ येऊ शकते, पण उपचार न करता ती आली असं म्हणता येणार नाही. अजून एकही वेदनाशामक नीट देऊन पाहिलेलं नाही. ती वेळ ओळखायला अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची पट्टी कामी येते. वेदना, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायचे, 10 म्हणजे उत्तम. बेरीज 35 च्या वर असेल तर जगणं ठीक मानतात. मी त्यात एक सावधगिरी घालेन: बेरजेत एखादा भयंकर आकडा लपून जातो. वेदना आटोक्यात येत नसेल किंवा श्वासाला त्रास असेल तर बाकी सगळे 8 असून उपयोग नाही. झोपेतला श्वास मिनिटाला 30 च्या खाली असायला हवा. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर रात्र असो की पहाट, लगेच निघा. घरातल्या तिघांनी दर रविवारी वेगवेगळे गुण लिहावे आणि मग एकमेकांना दाखवावे. मघाच्या यादीतल्या पाच आवडींपैकी तीन गेल्या आणि औषधानं परत आल्या नाहीत, तर डॉक्टरांशी ती बोलणी सुरू करा.

ती वेळ आलीच तर काय होतं हे आधी माहीत असलेलं बरं. आधी गुंगीचं इंजेक्शन मागून घ्या. ते दिल्यावर काही मिनिटांत ती झोपते. मग भुलेच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून जाते. काही सेकंदांत जाणीव जाते, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहू शकतात, लघवी होऊ शकते, स्नायू थरथरू शकतात, एखादा खोल श्वास आल्यासारखा वाटू शकतो. हे सगळं जाणीव गेल्यानंतरचं असतं. तेव्हा तिला काही जाणवत नसतं.

हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्या घरी दुसरे प्राणी आहेत, त्यांच्यासाठी थोडं. कुत्रा रात्री कारणाशिवाय धापा टाकत असेल, सारखा एकच सांधा चाटत असेल, उठताना पहिली पाच-सहा पावलं आखडून टाकत असेल, तर तपासा. सशानं 12 तास काही खाल्लं नाही तर ती तातडीची बाब आहे, त्याची आतडी थांबतात. पिंजऱ्यातला पक्षी पिसं फुगवून तळाशी बसला असेल तर तो बराच वेळ लपवून आता थकला आहे, असं समजा.

ताई, नखं बघून झाली की तुमच्याकडचं पुढचं काम व्हिडिओचं. तो दादांना काढायला सांगा. फोन टेबलाच्या उंचीवर धरायचा, तिला हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही, ती आपणहून उतरेल तेव्हाच चित्रण करायचं. मग ते अर्ध्या वेगानं लावून त्यांनाच बघू द्या, आणि काठावर ती किती सेकंद थबकली ते त्यांनाच मोजू द्या.